सरहद्दीवरची बाराखडी

मुरुम नावाचे एक गाव आहे असे सांगितले की पुण्यामुंबईचा माणूस आधी हसतो. मुरूम म्हणजे सडकेवर अंथरतात तो, एवढीच त्याची ओळख. उमरगा तालुक्यातले लोक मात्र या नावावर विनोद करीत नाहीत. त्यांच्या लेखी मुरुम म्हणजे बाजाराचे गाव, नगरपरिषदेचे गाव, विठ्ठलसाई साखर कारखान्याचे आणि कॉलेजाचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे तिथे बियाणे घ्यायला येतात, दात काढायला येतात, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला येतात. नाव मातीवरून पडले की आणखी कशावरून, या वादात मी शिरत नाही. असले वाद त्या त्या गावच्या पारावरच जास्त चांगले रंगतात.

सोलापूर सोडून हैदराबादच्या सडकेला लागले की पहिला मोठा मुक्काम नळदुर्गचा. किल्ला पाहायला उतरणार असाल तर पावसाळ्यात उतरा. बोरी नदीला घातलेल्या दगडी बांधावरून पाणी कोसळते, त्या दोन धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात आणि त्यांच्या मधोमध, बांधाच्या पोटात, आदिलशाहीतल्या कारागिरांनी पाणीमहाल बांधून ठेवला आहे. नळदुर्गच्या पुढे जमीन सपाट होत जाते. काळी रानं, सोयाबीनची काढणी, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. येणेगूर आले की उजव्या हाताला मुरुमचा फाटा. तेथून पुढे जाणारी सडक आलूर, अक्कलकोट असे करीत सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि दक्षिणेकडे थोडेच गेले की कर्नाटकातला आळंद तालुका लागतो. याच बाजूची बेनीतुरा नदी उमरगा तालुक्यात उगम पावून कर्नाटकात वाहत जाते. तिला हद्दीवर कोणी अडवीत नाही.

माणसांच्या जिभेलाही नाही. येणेगूरहून मी ज्या गाडीत बसलो तीत माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका कानडीत बोलत होत्या. मागे एक चाचा मोबाइलवर दखनी उर्दूत कोणाला तरी खडसावीत होते. कंडक्टरने पुढच्या बाईंना कानडीत पैसे मागितले, चाचांना उर्दूत, आणि माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहून मला अगदी पुस्तकी मराठीत विचारले, "आपल्याला कोठे जायचे आहे?" मी उत्तर देईपर्यंत शेजारचा म्हातारा म्हणाला, "मुरुमालाच जायलेत की ते." हे 'जायलेत', 'करायलाव', 'यायलीय' म्हणजे या भागाच्या मराठीचे खास लेणे. पहिल्यांदा ऐकताना कान टवकारतात, दुसऱ्या दिवशी आपल्याच तोंडी येऊ लागते.

मी मुरुमला गेलो तो शाळा पाहायला. माझे एक स्नेही या बाजूला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत. त्यांचे नाव सांगत नाही आणि शाळेचेही नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाचे छापून आलेले कौतुकसुद्धा त्याला कधीकधी महागात पडते. दिवाळीपूर्वीचा पंधरवडा होता. आपल्या वेळची सहामाही आता 'संकलित मूल्यमापन' झाली आहे, पण तिच्या आदल्या आठवड्यात मुलांच्या चेहऱ्यावर यायची ती कळा तीच आहे.

शाळेपाशी पोचण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. नाहीतर त्या एवढ्याशा इमारतीत काय काय येऊन गेले ते कळायचे नाही.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळाले होते. २०२३ साली जिल्हा पुन्हा धाराशिव झाला. राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे, पण कचेरीची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देऊ लागले. हिंदी भाषांपैकी एखादीतून विद्यापीठ चालवायचे धाडस तोवर कोणी केले नव्हते, त्याबद्दल त्याचे कौतुक करायला हरकत नाही. फक्त ती भाषा ज्यांच्या घरातली होती असे लोक थोडे होते. खेड्यातल्या मराठी पोराने बाराखडी गिरवायची ती घरच्या भाषेत, पण वर चढायचे तर अलिफ-बे शिकून. आणि चढायला जिनेही फार नव्हते. १९५१ च्या खानेसुमारीत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर भरली नाहीत.

खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. तरीही शाळा निघाल्या. मुरुमपासून फार लांब नाही, आजच्या लोहारा तालुक्यात, हिप्परगा नावाचे खेडे आहे. तिथे राष्ट्रीय शाळा चालली. त्या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक शिक्षक आले. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलखातला. संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि तेथून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झाले. मराठवाड्याच्या राजकारणाचा ओनामा असा एका खेड्यातल्या शाळेत गिरवला गेला आहे.

गुरुजींनी मला गावातल्या एका आप्पांकडे नेले. वय अठ्ठ्याऐंशी. ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. लहानपणी ते थोडे दिवस उर्दू शिकले, तेवढ्यात पोलिस अ‍ॅक्शन झाली. "मास्तर तोच," आप्पा म्हणाले, "खोली तीच, छडी तीच. आधी उजवीकडून लिहा म्हणायचा, मग डावीकडून लिहा म्हणू लागला." घरात कानडी, शाळेत आधी उर्दू आणि मग मराठी. आजही ते हिशेब मनातल्या मनात कानडीत करतात, सही मराठीत करतात आणि रागावले की उर्दूत रागावतात. "शिव्या त्याच भाषेत शोभतात," हे त्यांचे मत. मी ते लिहून घेतले एवढेच.

त्या काळची उर्दू दप्तरे पुढे वर्षानुवर्षे कपाटांत धूळ खात पडली होती. वाचणार कोण? २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर एकाएकी निजामकालीन कागदांना भाव आला. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधले जाऊ लागले, शाळांची जुनी प्रवेशाची रजिस्टरे झटकून टेबलावर आली. कोण्या मुलाने कोणत्या साली शाळेत नाव घातले, बापाची जात काय सांगितली, ही ओळ पाऊणशे वर्षांनी त्याच्या पणतूच्या भवितव्याचा कागद ठरू पाहते. शाळा फक्त शिकवते असे आपण समजतो, पण खेड्यात ती लिहून ठेवणारी एकमेव जागा असते.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगण आंध्रात गेले आणि गुलबर्गा, बिदर, रायचूर हे म्हैसूरकडे. बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तोडून उस्मानाबादला जोडले (१९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले). नकाशावर रेघ ओढणारांनी आपल्या परीने काळजी घेतली असेल, पण घराघरातून रेघ ओढता येत नाही. मुरुमच्या लिंगायत घरांतून कानडी बोलली जात होती, ती तशीच बोलली जात राहिली. बसवेश्वरांचे कल्याण येथून हाकेच्या अंतरावर, बिदर जिल्ह्यात. सोयरिकी आळंद, गुलबर्ग्याच्या बाजूला. संतांनी विठोबालाच कानडा ठरवून टाकल्यावर आपण कोण बोलणार!

योगायोग असा की त्याच १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने, ३५०-अ हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. त्याप्रमाणे महाराष्ट्राच्या सीमेवरच्या तालुक्यांत, अक्कलकोटला, जतला, जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा चालत आल्या आहेत. १९६७ मध्ये निघालेली आपली 'बालभारती' मराठीखेरीज कानडी, उर्दू, तेलुगू, सिंधी, गुजराती अशा भाषांतही पुस्तके छापते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पण कानडी शाळेत चौथी-सातवी झालेल्या मुलाने पुढे जायचे कोठे, हा प्रश्न आईबापांना पडतोच. हायस्कूल मराठी, तालुक्याची कचेरी मराठी, पोलिसभरती मराठी. म्हणून पुष्कळ कानडी घरे पहिल्यापासूनच पोराला मराठी शाळेत घालतात. हा त्यांचा व्यवहार आहे आणि तो खोटा नाही. त्याची किंमत मात्र सहा वर्षांचे पोर भरते.

ती किंमत कशी असते ते मी पहिलीच्या वर्गात पाहिले. एक चिमुरडी दारापाशी उभी राहून काहीतरी सांगू पाहत होती. बाईंनी विचारले, "काय?" पोरगी गोंधळली. गुरुजी मला हळूच म्हणाले, "कानडीत 'काई' म्हणजे कच्चे फळ. नारळालाही म्हणतात. आपण दिवसातून शंभर वेळा 'काय' म्हणतो आणि ती बिचारी शंभर वेळा नारळ शोधते." दुधाला कानडीत 'हालु'. शिक्षकाने 'सकाळी काय घेतलेस' असे विचारावे आणि पोराने 'हालु' म्हणावे, तर मराठी कानाला हाल ऐकू येतात. नव्याने बदलून आलेला शिक्षक अशा पोरांना पहिले दोन महिने मंद समजतो. पोर मंद नसते, ते भाषांतर करीत असते, आणि भाषांतराला वेळ लागतोच.

या शाळेने त्यावर काढलेला तोडगा कोणत्याही परिपत्रकात नाही. वर्गाच्या भिंतीवर मराठी शब्दांच्या खाली, देवनागरीतच, कानडी शब्द लिहिले आहेत. पाणी, नीरु. घर, मने. जेवण, ऊटा. ये, बा. शेवटच्या ओळीत उर्दू नव्हे, गोरमाटी. तांड्यावरची मुलेही याच वर्गात येतात आणि लमाणी आईचे पोर घरी गोरमाटी बोलते. तो रकाना अर्धाच भरलेला होता. "तिसरीतला एक पोरगा सांगतो तसं भरायलाव," गुरुजी म्हणाले. "त्याला वाटतं आम्ही त्याच्याकडून शिकायलाव. आणि तेही खरंच आहे."

पण मला सगळ्यांत मजा वाटली ती दुसरीच्या गणिताची. वाचकांना आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकावरून केवढा गहजब झाला होता. पंचवीसला 'वीस पाच' आणि बासष्टला 'साठ दोन' असेही शिकवावे असे पुस्तकात आले आणि शहरातल्या आपण मंडळींनी मराठी भाषा बुडाली म्हणून हंबरडा फोडला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की दक्षिणेच्या भाषांत संख्या अशाच बोलतात, मुलांना ते सोपे जाते, आणि जुने शब्द काही काढून टाकलेले नाहीत. तो वाद आपण सोलापूरच्या अलीकडे बसून घातला. मुरुमच्या वर्गात तो वाद नव्हताच. पंचवीसला कानडीत म्हणतात इप्पत्तैदु, म्हणजे वीस आणि पाच, त्याच क्रमाने. मराठीत पाच आधी आणि वीस मागून येतो, मग पोर २५ च्या जागी ५२ लिहिते. गुरुजींनी फळ्यावर २५ काढले आणि वर्गाकडे पाहिले. अर्धा वर्ग ओरडला "पंचवीस", उरलेल्यांतून "इप्पत्तैदु" असा गलका झाला, आणि एक शहाणा, कोणाचीच बाजू न घेता, "वीस पाच" म्हणाला.

युरोपात लक्झेंबर्ग नावाचे चिमुकले राज्य आहे. तिथली मुले घरची लक्झेंबर्गी बोलत शाळेत येतात, तिथे परंपरेने आधी जर्मन वाचायला शिकतात आणि पुढे फ्रेंच. त्या देशाची श्रीमंती जगजाहीर आहे, त्यामुळे त्या शाळांवर पुस्तके लिहिली जातात. मुरुमच्या पोराला घरात एक, अंगणात दुसरी, वर्गात तिसरी आणि पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशा चार भाषा वाट्याला येतात, आणि त्याच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला, त्यावर राज्यभर रण पेटले, जूनमध्ये निर्णयात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला सगळेच मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मी गुरुजींना त्याविषयी विचारले. ते हसले. म्हणाले, "तिसरी भाषा कोणती, हे आम्हाला आधी मोजून सांगा. कोणापासून मोजायचं?"

आता १९९३ विषयी. ३० सप्टेंबरच्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जन करून झोपलेला हा भाग हादरला. किल्लारी हे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण औशाबरोबर उमरगा तालुकाही त्यात पोळला. सास्तूर तेव्हा याच तालुक्यात होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे, अशी घरे उन्हाळ्यात गार म्हणून बांधलेली. त्याच भिंती माणसांवर पडल्या. जवळजवळ आठ हजार माणसे गेल्याची सरकारी मोजणी आहे, लोक याहून मोठा आकडा सांगतात. आईबाप गेलेल्या आणि सर्वस्व गमावलेल्या मुलांपैकी सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकवले. बावन्न गावे उचलून नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांना चौकोनी आळ्या आल्या, रुंद रस्ते आले, आणि पोरांना आपले घर ओळखण्यासाठी दारावरचा नंबर वाचावा लागू लागला.

त्या वर्षी शाळा भरल्या त्या तंबूत आणि पत्र्याखाली. गुरुजी तेव्हा स्वतः चौथीत होते. बाकीचे सारे ते मोकळेपणाने सांगतात, यावर थोडेच बोलले. हजेरी घेताना नाव पुकारले की उत्तर न येणारी मुले होती आणि मास्तर पुढचे नाव घ्यायला बराच वेळ थांबत, एवढेच. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. शाळांतल्या शिक्षकांच्या जागा ठरवण्यासाठी सरकार दरवर्षी पट मोजते तो ३० सप्टेंबरचा. "तारीख कोणी मुद्दाम ठरवली नाही," ते म्हणाले, "पण आमच्याकडं त्या दिवशी मोजणी म्हटलं की जुन्या माणसांना दुसरीच मोजणी आठवते."

या पटाच्या मोजणीवर आता शाळेचे जिणे-मरणे ठरते. शिक्षण हक्काच्या कायद्याच्या तक्त्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावे मूल आले की तिसरा, असे गणित आहे. पुढे सरकारी निर्णयांनी त्यात फेरफार होत गेले, पण मूळ भीती तीच. एक पोर गेले की एक शिक्षक जातो, शिक्षक गेला की दोन वर्ग एका खोलीत बसतात, दोन वर्ग एकत्र बसलेले पाहून आणखी चार पालक मुले काढतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे सरकारच्या मनात आले तेव्हा खेड्यापाड्यांत जो घोर लागला, तो शहरात बसून कळायचा नाही. शहरात शाळा निवडायची असते. खेड्यात शाळा असते किंवा नसते.

पोरे जातात ती निरनिराळ्या वाटांनी. दसरा झाला की मुकादम उचल वाटून झालेली असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. या धंद्यात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे माणसे दोन आणि मोजणी एकाची. त्या कोयत्याबरोबर पोरे जातात ती मार्चपर्यंत फडातल्या कोपीत राहतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, तिची दुसरी अर्धीच राहते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवतात, आजीकडे ठेवून घ्यायला घरोघर जाऊन विनवतात, आणि जी जातातच त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवले की जेथे जातील तेथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचे. मौज अशी की हाच तालुका दुसऱ्या बाजूने पोरे घेतोही. येथल्या कारखान्यांच्या फडात बाहेरून टोळ्या येतात आणि नोव्हेंबरात शाळेच्या दारात अनोळखी पोरे उभी राहतात. कायद्याने त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे असते, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. गुरुजींचा पट असा दिवाळीनंतर एका बाजूने गळतो आणि दुसऱ्या बाजूने भरतो, पण मोजणी मात्र सप्टेंबरात होऊन गेलेली असते.

दुसरी वाट पिवळ्या गाडीची. इंग्रजी शाळेची गाडी दारात येते, पोराच्या गळ्यात टाय असतो. २००० सालापासून महाराष्ट्राच्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. पुष्कळ जिल्हा परिषद शाळांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, असा सेमीचा मार्गही धरला आहे. पण टायपुढे सेमी कसा टिकणार? या आईबापांना नावे ठेवायला मी तयार नाही. हा रस्ता आधी आपण शहरातल्या मंडळींनी मळला, त्यांना तो लांबून दिसला.

दुपारी मी शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. खिचडी शिजल्याचा वास सुटला होता. १९९५ मध्ये मुलांना घरी न्यायला तांदूळ देऊ लागले, तेव्हा तांदूळ घरी जाई आणि पोर उपाशी शाळेत येई. पुढे शाळेतच शिजवून वाढू लागले तसा पट टिकू लागला. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरले, न खाणाऱ्याला केळे. लिंगायत घरांच्या गावात केळ्यांचे गणित कसे बसवले याची एक लांबलचक कथा बाईंनी सांगितली. २०२५ च्या आरंभी अंड्यांचा सरकारी खर्चच थांबला आणि ती कथाही संपली.

इतक्यात फाटकातून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, मागे दुसरीतली मुलगी. गुरुजी उठून उभे राहिले.

"या अक्का."

"गुरुजी, दाखला पायजे होता हिचा." मराठी सावकाश, जपून पाय टाकल्यासारखी.

"दाखला? का हो?"

नवरा पुण्याला एका कारखान्यात आहे. त्याने फोनवरून सांगितले होते. पुण्यात त्याच्या शेजारच्यांची पोरे इंग्रजीत बोलतात. इथे नव्या शाळेची गाडी गल्लीत येते, दिवाळीनंतर बसवून घेतो म्हणाले. सगळे सांगून ती थांबली आणि मग कानडीत काहीतरी भराभर बोलली. गुरुजींनी कानडीतच उत्तर दिले. मला त्यातला 'इल्ला' एवढाच शब्द कळला, तोही तिच्या तोंडचा, दोनदा.

कायद्याने दाखला अडवून ठेवता येत नाही आणि गुरुजी तसे करणारेही नव्हते. त्यांनी रजिस्टर काढले. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अक्षरी. 'मातृभाषा' या रकान्यावर त्यांचे बोट थांबले. तिथे 'मराठी' लिहिलेले होते.

"अक्का, घरी कानडीच ना तुमच्या?"

"नाव घालताना मराठी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कानडी म्हटलं तर घेणार नाहीत असं वाटलं."

"आम्ही घेतलं असतं की हो."

"ते आता कळालं."

रजिस्टरात एकदा लिहिलेले दाखल्यात बदलता येत नाही. गुरुजींनी पुढचा रकाना घेतला, शाळा सोडण्याचे कारण. तिथे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहायची चाल आहे. त्यांनी पेनचे टोपण काढले, मुलीकडे पाहिले आणि विचारले, "जेवलीस का ग?" मुलीने मान हलवून नाही म्हटले आणि आईचा पदर सोडून ती ताट आणायला वर्गात पळाली.

"जेवून होऊ द्या तिचं," गुरुजी म्हणाले. "मग लिहितो."

बाई पायरीवर बसली. ओसरीवर मुलांच्या पंगती धरल्या गेल्या होत्या. मुलगी ताट घेऊन रांगेच्या मध्ये, तांड्यावरच्या त्या तिसरीतल्या पोराशेजारी, जाऊन बसली आणि वाढणाऱ्या मावशींना कानडीत म्हणाली, अजून थोडे घाला. मावशींनी घातले. आई पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून मोबाइल काढला, पुण्याचा नंबर लावला, कानाशी धरला, आणि पलीकडून कोणी उचलण्याची वाट पाहत उठून फाटकाकडे, निंबाच्या सावलीत गेली. गुरुजींनी पेनला टोपण घातले आणि रजिस्टर उघडेच ठेवले.